कलम आणि नक्षी

दर्यापुरात ज्यू पद्धतीनं एखादं लग्न लागायचं असतं, तर त्या लग्नाचा करार लिहिणाऱ्यानं सुरुवातीलाच गावच्या नदीचं नाव विचारलं असतं. वार, तिथी आणि विश्वाच्या निर्मितीपासून मोजलेलं वर्ष लिहून झालं, की गावाचं नाव येतं. अनेक ठिकाणच्या रिवाजाप्रमाणे त्याला लागूनच ते गाव कोणत्या पाण्याकाठी वसलं आहे, हेही लिहितात. मुंबई समुद्रकाठची, तसं दर्यापूर-बनोसा चंद्रभागेकाठचं. एका नावाची दोन गावं असू शकतात, पण पाणी धरून सांगितलं की गावाची ओळख पक्की होते. वऱ्हाडात ज्यूंची वस्ती म्हणावी अशी कधी झाली नाही. मात्र घरात मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, महाराष्ट्रात कित्येक शतकं राहत आले आहेत आणि त्यांच्या लग्नातही हा करार, केतुबा, सगळ्यांसमोर वाचला जातो. जगभरच्या संग्रहालयांत आज केतुबा दिसतो तो चित्र म्हणून. कमानी, वेली, पक्षी, मासे, सोनेरी चौकट, आणि मधे न कळणाऱ्या लिपीतला मजकूर. पाहणारा रंग पाहतो आणि पुढच्या काचेकडे वळतो. माझं म्हणणं असं की ही नक्षी करारावर मागाहून चढवलेला साज नव्हे. ती कराराच्या गरजेतून आली आणि कराराचं बरंचसं काम तिनंच उचललं. मजकूर सोडून नुसती नक्षी पाहिली काय किंवा नक्षी सोडून नुसता मजकूर वाचला काय, केतुबा अर्धाच हाती लागतो.

आधी मजकूर पाहू, कारण तो ज्यांना ठाऊक नाही त्यांना नक्षीचं बोलणं कळणार नाही. केतुबा अरमाइक भाषेत लिहितात. ही एके काळची पश्चिम आशियातली व्यवहाराची भाषा. मजकूर नवऱ्या मुलाच्या बाजूनं आहे. अमक्याचा मुलगा अमका हा अमक्याच्या मुलीला म्हणतो, की मोशे आणि इस्राएल यांच्या नियमाप्रमाणे तू माझी बायको हो. मी कष्ट करीन, तुझा मान राखीन, तुला अन्नवस्त्र देईन, नवऱ्यानं पाळायची इतर कर्तव्यं पाळीन. मग आकडे येतात. प्रथम लग्न होणाऱ्या मुलीसाठी 200 झूझ, विधवेसाठी किंवा घटस्फोटितेसाठी 100. झूझ हे जुनं चांदीचं नाणं. त्यापुढे मुलीनं माहेरून काय आणलं त्याची किंमत, आणि त्यावर नवऱ्यानं आपण होऊन घातलेली भर. मुंबईत लिहिलेल्या करारांत हे आकडे रुपयांत येतात. ही सगळी रक्कम घटस्फोट झाला किंवा नवरा वारला तर बायकोला मिळायची आहे. तिच्या हमीसाठी नवऱ्याची सारी मालमत्ता तारण लागते, जमीनजुमला आणि चीजवस्तू, आज आहे ती आणि उद्या होईल ती, अगदी खांद्यावरच्या पांघरुणापर्यंत. शेवटी दोन साक्षीदारांच्या सह्या. प्रेमाचा शब्द यात जवळजवळ नाही. आहे ती जबाबदारी, रक्कम, तारण आणि साक्ष. अशा कोरड्या कागदाभोवती माणसांनी फुलं का काढली असतील, हा प्रश्न म्हणूनच गंभीरपणे विचारण्याजोगा आहे.

हा करार फार जुना आहे. नाईल नदीतल्या एलिफंटिनी बेटावर ज्यू शिपायांची वसाहत होती. तिथली अरमाइक भाषेतली पपायरसवरची कागदपत्रं सापडली आहेत. त्यांतला इ. स. पूर्व 449 चा अनन्या आणि तामेत यांचा विवाहकरार आज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात आहे. तामेत ही इजिप्ती दासी होती. तिनं संसारात आणलेल्या वस्तूंची यादी त्यात आहे: एक लोकरी वस्त्र, एक आरसा, वहाणांचा जोड, थोडं तेल. नोंद एवढ्याशा चिजांची, पण किंमतीसकट. आणि तिथं नवरा किंवा बायको, दोघांपैकी कोणीही जमातीपुढे उभं राहून संसार मोडत असल्याचं सांगू शकत होतं. पुढे इ. स. पूर्व पहिल्या शतकात शिमोन बेन शेताख या धर्मशास्त्र्यानं नवऱ्याची सगळी मालमत्ता केतुब्यासाठी तारण धरली, असं ज्यू परंपरा सांगते. हेतू उघड होता: बायकोला घराबाहेर काढणं नवऱ्याला सोपं जाऊ नये. आणखी एक पुरावा मृत समुद्राकाठच्या एका गुहेतला. रोमविरुद्धच्या इ. स. 132 ते 135 च्या बंडात बबाथा नावाची एक बाई तिथं लपली. सोबत तिनं आपली कागदपत्रं चामडी पिशवीत नीट बांधून नेली होती. 1961 मध्ये पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांच्या तुकडीला ती सापडली. जमिनीचे, वारसाचे, वादाचे कागद त्यात होते, आणि तिचा केतुबाही होता. जीव वाचवायला पळताना बाईनं जपावा असा हा कागद होता, हे ध्यानात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं होतं.

आता नक्षी. करार लेखनाचे ज्यू धर्मशास्त्रात बारीक नियम आहेत. मजकूर आणि साक्षीदारांच्या सह्या यांत दोन ओळींची मोकळी जागा राहिली, तर दस्त ग्राह्य धरत नाहीत, कारण त्या जागेत मागून कोणी काही घुसडू शकतं. कुठं खाडाखोड झाली असेल, तर सह्यांच्या आधी तिची नोंद घ्यावी लागते. तहसिलीसमोर बसणारा अर्जनवीस खरेदीखतातली कोरी जागा आडवी रेघ मारून बंद करतो, त्यामागचं कारण हेच. केतुब्याच्या लेखनिकाला ओळ अर्धी सोडता येत नाही. म्हणून हिब्रू अक्षरं तो आडवी ताणतो: शेवटचा शब्द तोकडा पडला, तर त्यातलं एखादं अक्षर लांब ओढून डावी कड गाठतो. हा ताण नुसता पाहिला तर सुलेखनाची लकब वाटते, पण मुळात ती राखण आहे. समासाचंही तसंच. आज स्पेनमध्ये असलेल्या मयोर्का बेटावरून अल्जीरियात गेलेले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, शिमोन बेन त्सेमाख दुरान यांनी पंधराव्या शतकाच्या आसपास या प्रथेची चर्चा केली आहे. मजकुराभोवती धर्मग्रंथातली वचनं लिहून कड भरून टाकायची, म्हणजे कोऱ्या जागेत मागून नवी अट लिहिली जाणार नाही, असं कारण ते देतात. वचनं आली की ती चौकटीत बसवायची, चौकट आली की तिला वेल काढायची, हा पुढचा प्रवास हाताला सवयीनंच घडला असणार. कैरोच्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराच्या, अडगळीतून, जिला गेनीझा म्हणतात, दहाव्या ते बाराव्या शतकातले सजवलेले केतुबे तुकड्यांच्या रूपात मिळाले आहेत. म्हणजे ही सजावट दुरान यांच्याही आधीची. त्यांनी तिची कायद्याच्या बाजूनं संगती लावली. म्हणून सारी नक्षी फसवणूक टाळण्यासाठीच जन्मली, असं मी म्हणणार नाही. पण कायद्यानं तिला जागा करून दिली आणि ती जागा कोरी राहू नये अशी तजवीज केली, एवढं नक्की.

इथं पहिला आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. साधा, नक्षी नसलेला केतुबाही शास्त्रानं तितकाच वैध आहे. जर्मनी-पोलंडकडच्या अश्केनाझी ज्यूंनी शतकानुशतकं साध्या कागदावर केतुबा लिहिला आणि त्यांची लग्नं काही कच्ची ठरली नाहीत. मग नक्षी कराराची गरज कशी? याचं उत्तर या फरकातच दडलेलं आहे. ऑस्ट्रियातल्या क्रेम्स गावचा 1391-92 चा एक केतुबा तुकड्यांत उरला आहे. उजवीकडे टोकदार टोपी घातलेला नवरा अंगठी पुढे करतो आहे, डावीकडे मुकुट घातलेली नवरी हात पुढे करते आहे. तुकड्यांत उरला, कारण त्याचं चामडं पुढे पुस्तकं बांधायला वापरलं गेलं. म्हणजे तिकडेही चित्रं काढण्याची हौस होती, पण ती पुढे टिकली नाही. हिब्रू विद्यापीठाचे कलेतिहासकार शालोम साबार यांनी याबाबत फार मार्मिक खुलासा दिला आहे. अश्केनाझींकडे केतुब्यातली रक्कम सर्वांसाठी एकसारखी ठरून गेली. श्रीमंत असो की गरीब, आकडा तोच. स्पेन, इटली आणि पूर्वेकडच्या ज्यूंमध्ये मात्र प्रत्येक लग्नात रकमेची बोलणी होत, यादी होई, अटी पडत. जिथं मजकूर त्या त्या घराचा होता, तिथं नक्षीही त्या त्या घराची झाली. जिथं मजकूर ठरीव झाला, तिथं कागदही साधा राहिला. नक्षी आणि कलम एकत्र वाढली आणि एकत्र थांबली, हा माझ्या म्हणण्याला मिळणारा सगळ्यात मोठा आधार आहे.

दुसरा आक्षेप दिखाव्याचा. इटलीतले केतुबे पाहिले की तो मनात येतोच. 1492 मध्ये स्पेनमधून हाकललेले ज्यू व्हेनिससारख्या शहरांत आले आणि सतराव्या-अठराव्या शतकांत तिथं ही कला भरात आली. मोठं चर्मपत्र, त्याच्या मानेकडचा निमुळता भाग तसाच ठेवलेला. बारा राशी, चार ऋतू, घराण्याची चिन्हं, कात्रीनं कातरलेली जाळी, आणि नवऱ्याचं नाव इसहाक असेल तर इसहाकाच्या बलिदानाचा प्रसंग, असं नावाला धरून निवडलेलं बायबलातलं दृश्य. खर्च इतका वाढला की काही गावांच्या ज्यू पंचायतींनी केतुब्याच्या सजावटीवर किती खर्च करावा याची मर्यादा घातली. लग्नातला वायफळ खर्च आपल्याला नवा नाही. वऱ्हाडात लग्नापायी कर्जात बुडालेली घरं गावोगाव सांगितली जातात. म्हणून दिखावा होता हे मी नाकारत नाही. पण हा दिखावा कशाचा, ते पाहावं. मंडपाचा खर्च संध्याकाळी उतरतो. इथं लोकांसमोर मांडला जात होता तो बायकोला देणं असलेल्या रकमेचा कागद. मोठ्यानं वाचला जाणारा, नातेवाइकांनी निरखलेला, सुंदर म्हणून जपून ठेवलेला कागद नाकबूल करणं अवघड असतं. पंचायतींनी मर्यादा घातली ती किंमतीवर; सजावट बंद करा असं त्यांनी म्हटलं नाही. देखणेपणानं कागद टिकला, टिकल्यानं हक्क टिकला. याला छेद देणारी एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: कैरोच्या गेनीझात साधे केतुबेही हजार वर्षं टिकले, कारण ज्यू समाज देवाचं नाव असू शकेल असा कागद फेकत नसे. म्हणजे टिकण्याला सौंदर्य हेच एकमेव कारण नव्हतं. घरात, भिंतीवर किंवा पेटीत टिकण्याला मात्र ते मोठं कारण होतं.

तिसरा आक्षेप असा, की यातली चित्रकला उसनी आहे. इस्फहानच्या केतुब्यांवर दोन सिंह आणि त्यांच्या पाठीमागून उगवणारा माणसाच्या तोंडाचा सूर्य दिसतो. ते तर इराणचं राजचिन्ह. क्रेम्सच्या जोडप्याचे कपडे त्या काळच्या मध्य युरोपातले. बगदादहून मुंबई-कलकत्त्याला आलेल्या ज्यूंच्या केतुब्यांवर रंगीत फुलं, पक्षी, समोरासमोर उभे प्राणी आणि जोडीनं मासे येतात. मासा हे वंशवृद्धीचं चिन्ह, आणि बंगाल-कोकणच्या लग्नघरातही ते परकं नाही. उसनं आहे हे खरं, पण याचा दोष का मानावा ते मला कळत नाही. मजकुराचा साचा जगभर जवळपास एकच आहे. नावं, आकडे आणि त्या त्या घराच्या अटी काढल्या तर मुंबईचा करार कोणता आणि इराणमधल्या मशहदचा कोणता, हे मजकुरावरून ओळखणं सामान्य वाचकाला जड जाईल. नक्षी पाहताच ते कळतं. मजकूर सांगतो की हे जोडपं कोणत्या धर्मनियमाखाली बांधलं गेलं. नक्षी सांगते की ते कोणाच्या शेजारी राहत होतं. मशहदची हकीकत इथं आठवावी. 1839 मध्ये तिथल्या ज्यूंना बळजबरीनं मुसलमान करण्यात आलं. त्यानंतर कित्येक घरांत दोन करार होत: एक उघड, मुस्लिम रीतीचा, आणि दुसरा गुप्तपणे लिहिलेला केतुबा. ज्यांना शेजाऱ्यांपासून लपायचं होतं, त्यांनीही कागद लिहायचं सोडलं नाही. शेजार कधी फुलांच्या रूपानं कडेला येतो, कधी दहशतीच्या रूपानं दुसरा कागद लिहायला लावतो.

बेने इस्राएलांकडे वळताना आधी त्यांची वाट सांगायला हवी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण वाढलो, असं ते सांगतात. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी काम बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर अशी गावावरून पडलेली आडनावं, अंगावर नऊवारी, हातात हिरवा चुडा, तोंडात मराठी. हिब्रू मात्र फार थोडी उरली होती. डेव्हिड रहाबी नावाच्या गुरूनं झिराटकर, शापुरकर आणि राजपुरकर या तीन घराण्यांना धर्मविधी शिकवले आणि त्यांतून काझी झाले, ही त्यांच्यातली आठवण. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. 1832 मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्यानं मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, कोचीनहून शिक्षक आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोसेफ इझिकिएल राजपुरकर यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. धर्म पुन्हा शब्दांत उतरत होता, आणि तो मराठी डोळ्यांना दिसेल असा उतरत होता. याचा उत्तम दाखला 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या सचित्र हगादाचा. वल्हांडण सणाला वाचायच्या या पुस्तकात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका नऊवारीत, अंबाडा घातलेल्या दाखवल्या आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधून सुटकेची कथा, आणि पीठ मळणारे हात आपल्याकडचे. चित्र काढणाऱ्याला यात विसंगती वाटली नाही, कारण घरात तसंच चालत होतं.

केतुबा या लग्नात कुठं येतो? मेंदीची रात्र होते, नवरा फुलांचा सेहरा बांधतो, नवरी पांढऱ्या साडीत सिनेगॉगमध्ये येते आणि ती येत असताना नवरा उभा राहून ‘योनाती झीव’ हे हिब्रू गीत म्हणतो. वाइनचा प्याला, अंगठी, मग केतुब्याचं जाहीर वाचन, सह्या, आणि कागद नवरीच्या हाती. मंडळींतल्या बहुतेकांना अरमाइक कळत नसे, आजही कळत नाही. पण मंगलाष्टकांतलं संस्कृत तरी किती वऱ्हाड्यांना शब्दन् शब्द कळतं? लोकांना कळतं ते हे, की आता बांधिलकीचा शब्द उच्चारला जातो आहे आणि आपण त्याला साक्षी आहोत. न कळणाऱ्या भाषेतला कागद आणि समोर बसलेला समाज यांच्यात दुवा साधण्याचं काम अशा वेळी डोळ्यांकडे येतं. कमान दिसली की घराचं दार कळतं, मुकुट दिसला की मान कळतो, फुलं दिसली की शुभ कळतं. यावर कोणी म्हणेल, की हातानं रंगवलेल्यांचं ठीक, पण छापील चौकटीत नावं भरून दिलेले जे केतुबे पुढे आले, त्यांना कला कसं म्हणायचं? सतराव्या शतकात ॲम्स्टरडॅममध्ये शालोम इटालिया या कोरीवकारानं केतुब्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर चौकट कोरली. तीच चौकट पुढे कित्येक लग्नांना वापरली गेली आणि आज ती कलाकृती म्हणून मान्य आहे. छापल्यानं नक्षी स्वस्त झाली आणि ज्याला चित्रकार परवडत नव्हता त्या कारकुनाच्या, शिपायाच्या, रेल्वेतल्या नोकरदाराच्या घरातही ती पोचली. मला तर यात कराराचा विजय दिसतो: हमीचा कागद देखणा असावा हा हक्क फक्त सावकाराच्या मुलीचा उरला नाही.

आता सगळ्यात जुना आणि सगळ्यात कडवा आक्षेप. 200 झूझ, 100 झूझ, हे बाईचं मोल करणं नाही का? आणि मोल करून वर फुलं काढायची? पैसा कोणत्या दिशेनं जातो ते पाहिलं तर पहिला भाग सुटतो. हुंड्यात पैसा मुलीच्या घरून जातो आणि तिच्या हाती परत येण्याची लेखी हमी कुठंच नसते. कायद्यानं 1961 पासून बंदी असूनही तो जातोच. केतुब्यातली रक्कम तिच्यासाठी कोणी कोणाला मोजलेली नसते. ती तिला देणं असलेलं कर्ज आहे, आणि कर्जदार नवरा. आपल्या शेजारच्या मुसलमान घरांतल्या निकाहनाम्यात मेहर लिहितात, त्याच्याशी याचं जवळचं नातं आहे. माहेरच्या वस्तूंची किंमत लिहून ठेवण्यानं तर रुखवत हे दाखवण्याचं न राहता तिच्या मालकीचं होतं. आक्षेपाचा दुसरा भाग मात्र एवढ्यानं सुटत नाही. कुमारिकेला पूर्ण आणि विधवेला निम्मं, हा भेद आज टोचतो आणि टोचायलाच हवा. घटस्फोटाचा कागद देण्याचा अधिकारही रूढ ज्यू कायद्यात नवऱ्याचा. त्यानं तो अडवून धरला तर बाई वर्षानुवर्षं अडकून पडते. एलिफंटिनीच्या तामेतला जे जमलं असतं ते तिच्या हजारो वर्षांनंतरच्या बायकांना जमेना. कितीही सुंदर चौकट असली तरी आतल्या मजकुराची ही उणीव तिला झाकता येत नाही. ज्यांनी ती दूर करायचा प्रयत्न केला, त्यांनी मजकुरालाच हात घातला: अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बींनी 1954 मध्ये शाऊल लीबरमन यांनी रचलेलं कलम केतुब्यात घातलं, ज्यानं नवरा-बायको दोघंही धर्मपीठाचा निवाडा मानायला बांधील होतात. केतुबा करार म्हणून अजून जिवंत असल्याची ती खूण आहे. संग्रहालयातल्या चित्रात कोणी कलम वाढवत नाही.

कागदाचं वजन बेने इस्राएलांना फार जवळून कळलं ते विसाव्या शतकात. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. 1948 नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले. तिथं काही रब्बींनी त्यांच्या लग्नांना हरकत घेतली. शतकानुशतकं वेगळं राहिलेल्या या समाजात जुन्या काळी घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले होते का, अशी शंका काढली. 1962 मध्ये मुख्य रब्बींनी वंशाची चौकशी करण्याचा हुकूम काढला. यावर मराठी बोलणाऱ्या या माणसांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला आणि 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेत आणि सरकारकडून ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर झालं. वाद होता तो लग्नांच्या वैधतेचा. म्हणजे कोण, कोणाचा, कुठं, कोणाच्या साक्षीनं, हाच. केतुब्याच्या ओळींत याच प्रश्नांची उत्तरं असतात. तेल काढणाऱ्या, पलटणीत गेलेल्या, कचेरीत बसलेल्या माणसांच्या या साध्या उत्तरांना किती मोल आहे, हे शंका घेणाऱ्यांनीच दाखवून दिलं. भारतातही पारशांसाठी 1936 चा आणि ख्रिश्चनांसाठी 1872 चा विवाह कायदा आहे. ज्यूंसाठी असा वेगळा संहिताबद्ध कायदा नाही. त्यामुळे त्यांच्या लग्नाचा पाया अजून धर्मनियमात आणि त्या एका पानात आहे. महाराष्ट्रानं 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा राज्यात उरलेली संख्या काही हजारांवर आली होती. ती बहुतेक मुंबई-ठाण्यात.

म्हणून या कागदांकडे मराठी अभ्यासकांनी पाहावं असं मला फार वाटतं. बगदादी ज्यूंचे रंगीत केतुबे लिलावात आणि संग्रहालयांत गाजले. बेने इस्राएलांचे साधे, छापील, नावं भरलेले केतुबे त्या मानानं दुर्लक्षित राहिले. ज्या कुटुंबांनी ते इस्राएलमधल्या लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना इथं नेले, त्यांच्या नातवंडांना मराठी थोडी येते आणि अरमाइक त्याहून थोडी. इस्राएलमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघत आलं आहे. तिकडची वाट अजून बंद झालेली नाही. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जगभरचे केतुबे डिजिटल करायला घेतले, त्यामुळे चित्रं पाहणं सोपं झालं. पण फोटो बहुधा समोरून, चौकटीसह काढतात, आणि सूचीत आधी नक्षीचा काळ आणि शैली येते. कोकणच्या केतुब्यांची सूची करायची तर आधी गावाचं नाव हिब्रूत कसं लिहिलं आहे ते टिपावं: पेण, पनवेल, रेवदंडा, अलिबाग. मग त्याला कोणतं पाणी जोडलं आहे, रक्कम कोणत्या नाण्यात आहे, आडनाव दिलं आहे की फक्त बापाचं नाव. साक्षीदारांनी सही कोणत्या लिपीत केली, हिब्रूत, मोडीत, बाळबोधीत की इंग्रजीत, यावरून त्या पिढीचं शिक्षण कुठं झालं हे कळेल. चौकट छापील असेल, तर तीच चौकट आणखी कोणत्या गावच्या लग्नात वापरली गेली ते जुळवावं. त्यातून मुंबईतल्या छापखान्यापासून कोकणातल्या गावापर्यंत हा कागद कसा जाई, याचा माग लागेल. आणि प्रत्येक पानाची मागची बाजूही टिपावी, कारण घड्या कुठं पडल्या यावरून तो भिंतीवर होता की पेटीत, हे सांगता येतं.